चार हातांचं विमान

वारजे-माळवाडीतल्या आम्हा जुन्या रहिवाशांना विमानाचं तसं अप्रूप नाही. नैर्ऋत्येला, टेकड्यांच्या आड खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. पुणेकरांची 'एनडीए'. तिथल्या हवाई प्रशिक्षण तुकडीची 'सुपर डिमोना' जातीची मोटर-ग्लायडर मी गच्चीवरून कितीतरी वेळा पाहिली आहेत. शरीर चिमुकलं, पंख मात्र लांबलचक, आणि आवाज दूरवरच्या शिवणयंत्रासारखा. आत शेजारी-शेजारी दोन जागा. एकीत शिकणारा कॅडेट, दुसरीत शिकवणारा अधिकारी, आणि दोघांच्याही पुढ्यात विमान चालवण्याची एकेक दांडी.

हे सगळं मी माझ्या भाचीला मोठ्या कौतुकानं सांगत होतो. वय वर्षं चौदा. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, पण दोघांनी दोन बाजूंना ओढलं तर?"

खऱ्या विमानापुरतं या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दोन्ही दांड्या आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. एक हलली की दुसरी हलते, त्यामुळे शिकवणाऱ्याच्या तळहाताला विद्यार्थ्याची चूक होता होताच कळते. मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली ब्रेक असतो, तोही याच जातीचा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी शिकवणीच्या गाडीला असं दुहेरी नियंत्रण सक्तीचंच केलं आहे. पण भाचीला शिकायचं होतं ते रेडिओवर चालणारं छोटं विमान. ते असतं आकाशात, आणि शिकणारा व शिकवणारा दोघंही जमिनीवर, धोतऱ्याच्या झुडपांत उभे. तिथं दुसरी दांडी आणायची कुठून?

या प्रश्नाशी माझी ओळख जुनी आहे. वारजे १९९७ साली पुणे महापालिकेत आलं. त्याच्या आधीची काही वर्षं मी इथल्याच एका माळावर विमान उडवायला शिकलो. तेव्हा महामार्ग आजच्याएवढा रुंद नव्हता, नदीकडे शेतं होती, आणि रविवारी सकाळी आम्ही चार-पाच वेडे तिथं जमत असू. आम्हाला शिकवणारे गृहस्थ टेक्निकल शाळेतले शिक्षक. सगळे त्यांना 'सर' म्हणत, मीही सरच म्हणणार. इंजिनं तेव्हा मिथेनॉलवर चालत, त्यात वंगण म्हणून एरंडेल. घरी परतल्यावर कपड्यांना येणारा तो एरंडेलाचा वास आमच्या आईला शेवटपर्यंत सहन झाला नाही.

त्या काळात ट्रान्समीटर ही परदेशातून कुणाच्या तरी सामानातून येणारी चीज होती. (आम्ही शौकीन मंडळी त्याला नुसतं 'रेडिओ' म्हणतो, घरचे लोक 'रिमोट' म्हणतात.) आमच्या पाच जणांत रेडिओ तीन. प्रत्येकात एक स्फटिक, आणि त्या स्फटिकावर ठरलेली एक लहर. एका लहरीवर दोघांनी एकदम रेडिओ लावला, की हवेत असलेलं विमान गेलंच. म्हणून सरांनी एका फळीला कपडे वाळत घालायचे चिमटे लावले होते. ज्याच्या हातात चिमटा, त्यानंच रेडिओ लावायचा. आता आमचे सगळे रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आपली मोकळी जागा आपणच शोधतात, आणि चिमटे पुन्हा धुण्याच्या दोरीवर गेले आहेत.

शिकवण्याची पद्धत मात्र एकच होती: हिसकावण्याची. सर खांद्याला खांदा लावून उभे राहत. विमान भलतीकडे झुकलं की "दे!" म्हणून ओरडत आणि आपल्या हातातला डबा ओढून घेत. डबा एका हातातून दुसऱ्या हातात जाणार, अंगठे दोन्ही दांड्यांवर बसणार, मान वर होणार आणि नजर विमानाला शोधणार. या सगळ्याला चपळ माणसाला दोन सेकंद तरी लागतातच. ताशी साठ किलोमीटरनं नाक खाली करून येणारं विमान दोन सेकंदांत तेहेतीस मीटर खाली येतं. आज त्याच माळावर उभ्या असलेल्या इमारतींच्या भाषेत सांगायचं, तर अकरा मजले. माझं पहिलं विमान, तीन महिने रात्री जागून बाल्साच्या लाकडाचं केलेलं, तिसऱ्या रविवारी असंच त्या अकरा मजल्यांत गेलं. डबा सरांच्या हातात पोचला होता, विमान जमिनीत पोचलं होतं. सर काही बोलले नाहीत. पिशवी उघडून तुकडे गोळा करू लागले.

यावरचा उपाय बाहेरच्या देशांत तेव्हाही होता, आपल्या माळापर्यंत आला नव्हता एवढंच. तो उपाय म्हणजे एक साधी तार. शौकिनांच्या बोलीत या व्यवस्थेला 'बडी बॉक्स' म्हणतात. दोन रेडिओ, एक मास्तरांचा आणि एक विद्यार्थ्याचा, तारेनं जोडायचे. विद्यार्थ्याच्या रेडिओतून आकाशात काहीच जात नाही. त्यानं दांडी हलवली की ती हालचाल विजेच्या बारीक ठोक्यांच्या रूपात तारेतून मास्तरांच्या डब्यात येते. प्रत्येक दांडीचा एक ठोका, एक ते दोन मिलिसेकंदांचा. दांडी मधोमध असेल तर दीड. ठोक्यांची ही रांग सेकंदाला सुमारे पन्नास वेळा नव्यानं जाते. विमान ऐकतं ते फक्त मास्तरांच्या डब्याचं, आणि त्या डब्यानं स्वतःच्या दांड्यांचं सांगायचं की तारेतून आलेलं, हे ठरवतो डाव्या खांद्यावरचा एक छोटा स्विच.

तो स्विच स्प्रिंगचा असतो. बोटानं ओढून धरला तर विमान विद्यार्थ्याचं. बोट सुटलं की त्याच क्षणी मास्तरांचं. म्हणजे परत घ्यायला काहीच करावं लागत नाही, आणि द्यायला मात्र सतत बोट ओढून धरावं लागतं. मास्तरांना ठेच लागली, शिंक आली, भोवळ आली, तरी विमान आपोआप त्यांच्याकडे येतं. ज्या कुणी हा स्विच पहिल्यांदा असा बसवला, त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असणार.

तार करायला आम्ही मामा-भाची बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. तिथं मिळत नाही असा प्लग नाही. माझ्या रेडिओला हेडफोनसारखा साडेतीन मिलिमीटरचा, तिच्या नव्या चिनी रेडिओला चार काड्यांचा गोल. तारा दोनच लागतात, एक संदेशाची आणि एक जमिनीची. डाग मारायला तिनंच घेतलं आणि माझ्यापेक्षा स्वच्छ मारले. घरी येऊन विमान टीपॉयवर ठेवलं, दोन्ही रेडिओ जोडले आणि मी ऐटीत स्विच ओढला.

तिनं कशालाही हात लावला नव्हता. तरी मोटर किंचाळत निम्म्या वेगानं फिरू लागली आणि शेपटीची पट्टी एका बाजूला जाऊन अडकली. पंखा आधीच काढून ठेवला होता म्हणून बोटं शाबूत राहिली. बहीण स्वयंपाकघरातून धावत आली.

कारण कळायला रात्र गेली. ठोके दोन्ही डब्यांत सारखेच असतात, पण त्यांच्या रांगेत उभं राहायची रीत घराण्यागणिक वेगळी. फुताबाच्या रिवाजात पहिला ठोका एलेरॉनचा, म्हणजे पंखांच्या टोकांकडच्या पट्ट्यांचा, मग एलिव्हेटर, मग थ्रॉटल, शेवटी रडर. जेआरच्या रिवाजात थ्रॉटल सर्वांत पुढं, एलेरॉन आणि एलिव्हेटर एकेक पायरी मागं, रडर मात्र शेवटीच. माझा डबा एका घराण्याचा, तिचा दुसऱ्या. तिची एलेरॉनची दांडी मधोमध होती. माझ्या डब्यानं ते दीड मिलिसेकंद वाचून मोटरला निम्मा वेग दिला. तिचं थ्रॉटल तळाशी होतं, त्यानं एलिव्हेटर टोकाला नेला. दोन गवयांनी एकाच तानपुऱ्यावर आपापली पट्टी धरावी, तशातलं झालं. नव्या काही रेडिओंत हा क्रम पडद्यावर बदलून घेता येतो, माझ्यात ती सोय नव्हती. शेवटी तिच्याच घराण्याचा एक जुना रेडिओ मी विकत घेतला. बिनतारी जोडले जाणारे रेडिओही आता निघाले आहेत, पण मला ती तार आवडते. कुणाशी बांधलेले आहोत ते दिसतं.

एवढ्यानं भागत नाही. दोन्ही डब्यांतल्या बारीक जुळण्या सारख्या असाव्या लागतात, नाहीतर स्विच ओढताक्षणी विमान हिसका खातं आणि विद्यार्थ्याला वाटतं, आपलंच चुकलं. त्यामुळे उडवण्याआधी जमिनीवर प्रत्येक दांडी हलवून पाहायची: स्विच ओढून तिनं, सोडून मी. पट्ट्या दोन्ही वेळा तेवढ्याच आणि त्याच बाजूला हलल्या पाहिजेत. हे पाच मिनिटांचं काम कंटाळवाणं आहे आणि ते एकदाही टाळू नये.

आता उडवायचं कुठं? वारज्यात नाही, हे सरळ आहे. माळ राहिला नाही, वर विजेच्या तारा, खाली गाड्या, आणि शेजारी एनडीए. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानांनाही जागा आहे, पण आधी सरकारी नकाशावर आपली जागा तांबड्या, पिवळ्या की हिरव्या भागात येते ते पाहावं लागतं. आम्ही पौडच्या पुढं, मुळशीच्या वाटेवर, एका ओळखीच्या शेतकऱ्याचा माळ धरला. थंडीच्या दिवसांत सकाळी साडेसात ते नऊ तिथं वारा जवळजवळ नसतो. नवाच्या पुढं घारी घिरट्या घालू लागतात. जमीन तापून वर हवा चढू लागल्याची ती खूण असते, आणि आमच्यासाठी आवराआवरीची.

पहिल्या रविवारी मी विमान चढवलं, दोन चुका माफ होतील एवढ्या उंचीवर नेऊन सरळ केलं आणि म्हणालो, "घे." शिकणाऱ्याची खरी अडचण उंचीची नसते, तोंडाची असते. विमान आपल्यापासून दूर जात असताना उजवं ते उजवं. वळून आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं, की त्याचं उजवं ते आपलं डावं. सरांनी यावर एक तोडगा शिकवला होता. समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकला असेल, त्याच बाजूला दांडी न्यायची, जणू पडत्या पंखाला खालून टेकू देतोय. विचार करायचा नाही, टेकू द्यायचा. भाचीला हे तोंडपाठ होतं. पण पंख झुकला, तिचा अंगठा क्षणभर थबकला, आणि माझं बोट सुटलं. विमान सरळ झालं.

"मामा, मी देतच होते टेकू."

"उशीर झाला असता."

असं त्या सकाळी अनेकदा झालं. तिसऱ्या रविवारी तिनं एक वही आणली. आठ-नऊ मिनिटांच्या एका उड्डाणात मी किती वेळा विमान परत घेतलं याची नोंद: सोळा. त्यांतल्या नवांपुढे तिनं फुली मारली होती. खाली लिहिलं होतं, 'गरज नव्हती.' मी वाद घातला. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, तिनं जरा कमीच फुल्या मारल्यात.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या विमानदळात हाच प्रश्न निघाला होता. नवे वैमानिक शिकतानाच मोठ्या संख्येनं मरत होते. शिकवणारे त्यांना शक्य तेवढं संकटापासून दूर ठेवत, आणि एकटं पाठवल्यावर पहिल्याच संकटात विद्यार्थी गोंधळत. १९१७ साली रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्यानं गॉसपोर्ट इथं उलटी रीत सुरू केली. दुहेरी दांड्यांच्या अॅव्हरो विमानात विद्यार्थ्याला बसवायचं, विमान मुद्दाम गिरकीत घालायचं, आणि बाहेर काढायचं काम त्याच्यावर सोडायचं. इंजिनाच्या गोंगाटात बोलणं ऐकू यावं म्हणून दोघांच्या मध्ये एक रबरी नळी असे. ती पुढं 'गॉसपोर्ट ट्यूब' म्हणून जगभर गेली. नळीतून सांगायचं ते सांगायचं, हात मात्र दांडीला शक्यतो लावायचा नाही. ही रीत पुढं अनेक देशांच्या हवाई शाळांनी उचलली. माझ्यापर्यंत ती पोचायला शंभर वर्षं लागली, आणि तीही चौदा वर्षांच्या मुलीच्या वहीतून.

मग मी ठरवलं, बोट धरून ठेवायचं. आकडा सोळावरून सातवर आला, पाचवर आला. ती उतरवण्याच्या वाटेवर विमान आणू लागली. आणि नेमका त्याच सुमाराला घोटाळा केला तो मी. तिच्या हातात विमान होतं, वळणात नाक खाली गेलं, मी बोट सोडलं. विमान सरळ झालं आणि अचानक मुकं झालं. ती निम्म्या थ्रॉटलवर उडवत होती. गप्पांच्या नादात माझ्या डब्यावरचं थ्रॉटल मात्र मी तळाशी ठेवलं होतं. विमान माझं होताच त्यानं माझं ऐकलं आणि मोटर बंद केली. थ्रॉटल पुढं ढकलायचं एवढंच काम, पण काय झालं ते डोक्यात शिरेपर्यंत बांध आला. नाक तुटलं, एक पंख मधोमध चिरला. मास्तरांनी आपल्या दांड्या विद्यार्थ्याच्या दांड्यांबरोबर चालत्या ठेवायच्या, हा धडा मीच तिला सांगितला होता.

तुकडे गोळा करताना तिनं विचारलं, "मामा, ही चूक कुणाच्या नावावर लिहू?"

लिहिलं माझ्याच नावावर. दुरुस्तीला दोन आठवडे गेले.

या सगळ्यात सरांची आठवण पदोपदी येत होती. सर अजून वारज्यातच राहतात, आता ऐंशीच्या घरात आहेत. डोळ्यांच्या पडद्याला विकार झाला, मधोमध धूसर दिसतं, कडेनं बरं दिसतं. सहा-सात वर्षांपूर्वी त्यांनी आपला रेडिओ कपाटात ठेवला आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. भाचीनं हे ऐकलं आणि सहज म्हणाली, "पण तार आहे ना आपल्याकडे."

मला हे सुचलं नव्हतं. तार म्हणजे नवशिक्यासाठी, असंच माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

सर आधी नाही म्हणाले. "तुझं विमान मोडेल," म्हणाले. मग म्हणाले, "बघायला येतो." जानेवारीतल्या एका रविवारी, कानटोपी घालून, घडीची खुर्ची घेऊन आमच्याबरोबर माळावर आले. मी विमान चढवलं, सूर्य पाठीशी येईल असं नेलं. भाचीनं आपला रेडिओ त्यांच्या हातात दिला, त्यांचे अंगठे दांड्यांवर बसेपर्यंत थांबली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मी स्विच ओढला.

सर विमानाकडे पाहत नव्हते. मान जरा तिरपी करून, डोळ्यांच्या कडेनं आणि बहुधा कानांनी, ते त्याचा माग काढत होते. पहिलं वळण फार मोठं झालं. दुसरं गोल झालं. तिसऱ्या फेरीत आवाज चढला, नाक वर गेलं, आणि विमानानं आकाशात एक सावकाश उभा फेरा घेतला. भाची तोंड उघडं टाकून बघत राहिली. तिनं असं काही माझ्याकडून कधी पाहिलं नव्हतं. माझं डावं बोट दुखू लागलं होतं. माझ्या दांड्या मी त्यांच्याबरोबर चालत्या ठेवल्या होत्या, थ्रॉटलसकट.

पाचव्या मिनिटाला विमान पूर्वेकडे, सूर्याच्या तोंडावर गेलं. सरांची मान फिरली आणि फिरतच राहिली. डावा पंख खाली जाऊ लागला. मी मनात मोजलं. एक. दोन्ही अंगठे थबकलेले. मी बोट सोडलं, विमान सरळ केलं, मोठा वळसा घालून सूर्याबाहेर काढलं. काही बोललो नाही. त्यांना कळणार नाही असं वाटलं होतं.

"घेतलंस ना?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"सरळ आहे आता?"

"सरळ आहे. उजवीकडून आपल्याकडे येतंय."

"मग दे परत," सर म्हणाले.

भाचीनं घड्याळ पाहून तीन बोटं वर केली. तीन मिनिटांची बॅटरी शिल्लक होती. मी स्विच ओढला.